अर्ल बॉस्टिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ल बॉस्टिक कोण होता?

अमेरिकेतला अल्टो सॅक्सोफोनवादक, बँडलीडर, संगीत संयोजक. जन्म २५ एप्रिल १९१३, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावी. मृत्यू २८ ऑक्टोबर १९६५, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात आणि न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर विद्यापीठात त्याचं शिक्षण झालं. १९३० च्या दशकात तो बेनी मोटेनसारख्यांच्या फिरत्या बँडमधून वाजवत होता. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आला, डॉन रेडमनकडे वाजवलं, हार्लेममधल्या ‘स्मॉल्स पॅराडाइज’ या क्लबात स्वतःचा बँड चालवला आणि पुढे लायोनेल हॅम्प्टनच्या ऑर्केस्ट्रात गेला. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून अखेरपर्यंत मात्र स्वतःच्याच बँडचा मालक. गोथम कंपनीकडे ‘टेम्प्टेशन’ (१९४८) गाजलं, मग सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सकडे ‘स्लीप’ आणि ‘फ्लेमिंगो’ (दोन्ही १९५१).

‘फ्लेमिंगो’ रिदम अँड ब्लूजच्या (काळ्या अमेरिकन श्रोत्यांच्या लोकप्रिय नाचसंगीताच्या) खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. मग हा माणूस दुर्लक्षित कसा?

खपला म्हणूनच दुर्लक्षित, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १९५० च्या सुमाराला जॅझवर लिहिणाऱ्यांचं सगळं लक्ष बीबॉपवर, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीच्या नव्या जॅझवर होतं. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोक ज्याच्यावर नाचतात ते संगीत त्यांच्या लेखी धंद्यात जमा. बॉस्टिकची तबकडी समीक्षकाच्या टेबलावर पोचली तरी तिला दोन ओळी मिळत.

दुसरं कारण किंग रेकॉर्ड्सचं. सिड नेथनने १९४३ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीत ध्वनिमुद्रण, तबकड्यांची छपाई, वेष्टनं सगळं एकाच छपराखाली चाले. आज मुद्रित केलेलं गाणं झटपट बाजारात, हा तिचा खाक्या. जॅझच्या जाणकारांची मर्जी सांभाळणं तिच्या गणितात बसत नव्हतं. बॉस्टिकच्या एलपींची नावंच बघा : ‘डान्स टाइम’, ‘लेट्स डान्स’, ‘इन्व्हिटेशन टू डान्स’. दुकानदार ती नाचगाण्यांच्या कप्प्यात ठेवणार, हे उघड आहे.

तिसरं कारण जास्त नुकसान करणारं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्यात चाल, एखादा छोटा सोलो, पुन्हा चाल, संपलं. बॉस्टिकची खरी ताकद रात्रीच्या कार्यक्रमात दिसायची आणि ती फारशी ध्वनिमुद्रित झालेली नाही. पुढे रिदम अँड ब्लूजचा इतिहास लिहिणाऱ्यांनी टेनर (अल्टोहून मोठ्या, खालच्या पट्टीच्या) सॅक्सोफोनवाल्यांना पुढे केलं, जॅझवाल्यांनी तर त्याला आधीच वगळलेलं होतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला.

मग त्याला नक्की कुठे बसवायचं? जॅझमध्ये की रिदम अँड ब्लूजमध्ये?

ठेका, गाण्यांची लांबी आणि श्रोता रिदम अँड ब्लूजचा. हार्मनीची समज, बोटांची तयारी आणि बँडमधली माणसं जॅझची. एकाच खणात कोंबायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे : तो सोपं वाजवायचा ते निवडून. अवघड येत नव्हतं म्हणून नव्हे.

‘फ्लेमिंगो’मध्ये एवढं विशेष काय आहे?

मूळ गाणं टेड ग्रूयाचं, शब्द एडमंड अँडरसनचे. ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राने डिसेंबर १९४० मध्ये हर्ब जेफ्रीजच्या आवाजात ते मुद्रित केलं. संथ, मखमली, विदेशी किनाऱ्याची स्वप्नं दाखवणारं गाणं. बॉस्टिकने जानेवारी १९५१ मध्ये तीच चाल घेतली आणि खाली नाचता येईल असा ठाम ठेका घातला. किंग ४४७५ हा त्या तबकडीचा क्रमांक. पाठीमागच्या बाजूला ‘आय अ‍ॅम गेटिंग सेंटिमेंटल ओव्हर यू’.

ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, सॅक्सोफोनची जोडी इथे ट्रम्पेटशी नाही, व्हायब्राफोनशी (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायच्या वाद्याशी) आहे. जीन रेडच्या व्हायब्राफोनचा थंड, धातूचा झंकार खाली पसरलेला असल्यामुळे वरचा खरखरीत सॅक्सोफोन अधिकच खरखरीत वाटतो. दुसरी, स्वर कुठे सोडलाय ते. बहुतेक वादक अशी भावगीती चाल ओढत नेतात. बॉस्टिक स्वर तोडून सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत ड्रम ऐकू येतो. नाचणाऱ्याचे पाय त्या जागेवर पडतात. तिसरी, खरखर सगळीकडे सारखी नाही. ओळीच्या सुरुवातीला ती दाट असते, शेवटाकडे विरते, आणि मधेच एखादा स्वर अगदी स्वच्छ येतो. तो स्वच्छ स्वर पकडा. मग कळतं की खरखर ही सवय नाही, निवड आहे.

ड्रमवर जिमी कॉब आणि बासवर कीटर बेट्स आहेत. हाच कॉब आठ वर्षांनी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या गाजलेल्या एलपीवर वाजवतो.

पुढे जॅझचा दिग्गज ठरलेला जॉन कोल्ट्रेन खरंच त्याच्या बँडमध्ये होता का?

होता, १९५२ मध्ये, टेनर सॅक्सोफोनवर. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिनसिनाटीला आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला झालेल्या ध्वनिमुद्रणांत तो आहे. ‘मूनग्लो’, ‘एंट मिसबिहेविन’, ‘लिंगर अव्हाइल’, ‘व्हेल्व्हेट सनसेट’ ही पहिल्या खेपेची. ‘यू गो टू माय हेड’, ‘स्मोक गेट्स इन युवर आइज’ वगैरे दुसऱ्या. पण ‘कोल्ट्रेनची सुरुवातीची मुद्रणं’ म्हणून कुणी ती तुम्हाला चढ्या भावात विकत असेल तर थांबा. तो साथीत आहे, स्वतंत्र सोलो नाही. कोल्ट्रेनसाठी घ्याल तर हिरमोड होईल. बॉस्टिकसाठी घेतलीत तर पैसे वसूल.

१९६० मध्ये ‘डाउन बीट’ मासिकात आपल्या वाटचालीबद्दल सांगताना कोल्ट्रेनने बॉस्टिकचा उल्लेख आदराने केला. वाद्यावरची त्याची पकड अफाट होती, त्याने आपल्याला पुष्कळ गोष्टी दाखवल्या, असा त्याचा आशय होता. ड्रमवादक आर्ट ब्लेकीचं मत याहून ठाम होतं. सॅक्सोफोनच्या तांत्रिक बाजूबद्दल बॉस्टिकइतकं कुणालाच कळत नव्हतं, बीबॉपचा थोर अल्टोवादक चार्ली पार्करलाही नाही, आणि त्याच्या बँडमध्ये काम करणं म्हणजे सॅक्सोफोनच्या विद्यापीठात शिकणं, असं तो सांगे.

त्या ‘विद्यापीठा’तून आणखी कोण बाहेर पडलं?

कोल्ट्रेननंतर टेनरवर स्टॅन्ली टरेंटाइन आला, त्यानंतर बेनी गॉल्सन. ट्रम्पेटवर ब्लू मिचेल आणि टॉमी टरेंटाइन. पियानोवर काही काळ जॅकी बायर्ड. यातला ब्लू मिचेल पुढे पियानोवादक होरेस सिल्व्हरच्या बँडमध्ये गेला. गॉल्सनच्या रचना आज जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असतात. हार्ड बॉप (ब्लूज आणि गॉस्पेलचा रंग चढलेलं बीबॉप) म्हणून आपण जे ऐकतो, त्यातल्या बऱ्याच जणांनी रोज रात्री लोकांना नाचवण्याची शिस्त इथे शिकून घेतली.

हार्लेममधल्या ‘मिंटन्स’ या क्लबात त्याने चार्ली पार्करला हरवलं होतं, ही गोष्ट खरी का?

अल्टोवादक लू डोनाल्डसन ती सांगत असे. त्याचं ध्वनिमुद्रण नाही, त्यामुळे निकाल लावत बसू नये. तसंही, कोण वेगात वाजवतो याच्या चुरशीतून पार्करची थोरवी कमी होत नाही. बॉस्टिकची सिद्ध व्हायला मात्र तबकड्या पुरेशा आहेत.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

रूढ उत्तर ‘फ्लेमिंगो’पासून, आणि ते ठीकच आहे. पण सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला किंवा जॅझ ऐकणाऱ्याला आम्ही वेगळा क्रम सुचवतो.

आधी ‘अप देअर इन ऑर्बिट’ ऐका. १९५० च्या दशकाच्या अखेरची, दोन भागांत निघालेली तबकडी. अल्टोच्या नेहमीच्या पट्टीच्या वर जाऊन तो तिथे धावतोय, नुसता किंचाळत नाही. प्रत्येक स्वराची उंची बरोबर लागलेली आहे. ती ऐकली की त्याच्या बाकीच्या सगळ्या ‘साध्या’ गाण्यांकडे बघण्याची नजर बदलते.

त्यानंतर ‘फ्लेमिंगो’, ‘स्लीप’, ‘टेम्प्टेशन’ सलग. ‘टेम्प्टेशन’ गोथमच्या काळातलं, तिथे आवाज अजून घडतोय. मग १९५६ मधलं बिल डॉगेटबरोबरचं ‘बबिन्स रॉक’, ऑर्गनचा भरीव आवाज आणि वर अल्टो.

शेवटी १९६३ चा ‘जॅझ अ‍ॅज आय फील इट’. या एका एलपीसाठी किंग रेकॉर्ड्सचे बाकी सगळे गुन्हे माफ करावेत असं वाटतं. गिटारवर जो पास, ऑर्गनवर रिचर्ड ‘ग्रूव्ह’ होम्स, आणि गाणी तीन मिनिटांच्या वेसणीतून सुटलेली. पन्नाशीला टेकलेला बॉस्टिक इथे शांतपणे विचार करत सोलो बांधतो. याच वळणाचा ‘अ न्यू साउंड’ त्याच्या पाठोपाठचा.

मधल्या काळातले नाचाचे एलपी एकामागून एक ऐकू नका. साचा तोच, चाल फक्त बदलते. एकेक गाणं स्वतंत्र ऐकलं तर गोडी टिकते. ती मुळात तशीच ऐकण्यासाठी होती.

‘हार्लेम नॉक्टर्न’ त्याचीच रचना ना?

नाही. ती अर्ल हेगनची, १९३९ सालची. दोघांच्या नावात अर्ल आणि बॉस्टिकनेही ती वाजवलेली, म्हणून घोटाळा होतो.

मग त्याने स्वतः काय रचलं?

सगळ्यात गाजलेलं ‘लेट मी ऑफ अपटाउन’, रेड इव्हान्सच्या जोडीने. जीन क्रुपाच्या ऑर्केस्ट्राने १९४१ मध्ये ते मुद्रित केलं. गायिका अनिता ओ’डे आणि ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज यांची त्यातली बोलाचाली प्रसिद्ध आहे. गोरी गायिका आणि काळा वादक एकाच तबकडीवर थट्टामस्करी करताहेत, हे त्या काळच्या अमेरिकेत सहज घडणारं नव्हतं. याखेरीज पॉल व्हाइटमन, आर्टी शॉ, लुई प्रीमा, हॉट लिप्स पेज अशा अनेकांसाठी त्याने संगीत संयोजन केलं. तो ट्रम्पेट आणि गिटारही वाजवत असे.

त्याच्या आवाजातली ती खरखर कशी काढतात?

मुख्य युक्ती गळ्याची : वाजवता वाजवता घशातून गुणगुणायचं. घशातला स्वर आणि वाद्यातला स्वर हवेच्या एकाच झोतात एकमेकांवर आदळतात आणि स्वर दाणेदार होतो. शिकायची रीत अशी.

वाद्य बाजूला ठेवा. ओठ बंद करून ‘म्’ म्हणत एक स्वर धरा, मग ओठ किंचित उघडून त्याच स्वरावर फुंकर घाला. आवाज आणि हवा एकाच वेळी बाहेर यायला हवी. हे जमेपर्यंत वाद्याला हात लावू नका, कारण नव्वद टक्के अडचण इथेच असते.

आता फक्त माउथपीस आणि नेक जोडून तेच करा. त्यानंतर पूर्ण वाद्यावर, ऑक्टेव्ह की दाबून, मधल्या सप्तकाच्या जी किंवा ए या स्वरावर. तळाचे स्वर सुरुवातीला घेऊ नका, तिथे घशातून गुणगुणलं की स्वर तुटतो.

गुणगुणण्याचा स्वर वाजणाऱ्या स्वराहून वेगळा हवा. दोन्ही एक झाले तर खरखर जवळजवळ नाहीशी होते. नेमका कोणता घ्यायचा याचा बाऊ करू नका, आपल्या गळ्याला सोपा पडेल तो धरा आणि तो हलू देऊ नका. नवशिक्याचा गळा नकळत वाद्याच्या चालीमागे जातो आणि दर तिसऱ्या स्वरावर खरखर गायब होते.

बिघडतं कुठे? स्वर खाली उतरतो, कारण गुणगुणताना हवेचा जोर कमी पडतो. पोटातून आधार वाढवा, ओठ आवळू नका. चीं असा आवाज येतो, कारण जबडा घट्ट झाला. घसा खवखवतो, कारण गुणगुणण्याऐवजी खाकरणं चाललंय. सुरुवातीला दिवसाला पाच मिनिटं बस्स, आणि घसा दुखला की त्या दिवशी विषय बंद. गायकांनी विशेष जपावं.

जीभ ‘र्र्र’ अशी फडफडवून येणारा परिणाम वेगळा, त्यात स्वर चिरल्यासारखा होतो. बॉस्टिकची दाट खरखर त्याने निघत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही खरखर मागून चढवायची असते. आधी चाल पूर्णपणे स्वच्छ वाजवा. स्वच्छ स्वर बेसूर असेल तर खरखरीने तो झाकला जात नाही, उलट उठून दिसतो.

त्याच्यासारखे अतिउंच स्वर कसे लागतील?

अल्टोची लिहिलेली पट्टी तळाच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत, नव्या वाद्यांवर एफ शार्पपर्यंत. त्याच्या वरचं सगळं नैसर्गिक उपस्वरांवर, म्हणजे ओव्हरटोनवर चालतं. बोटं फक्त मदत करतात. काम जिभेच्या आणि घशाच्या ठेवणीचं.

तळाच्या बी फ्लॅटची बोटं धरा आणि ती न बदलता वरचे स्वर काढा. सरगमीच्या भाषेत, तळाचा स्वर खर्जाचा सा मानला तर क्रमाने मध्य सा, मध्य प, तार सा, तार ग, तार प असे स्वर मिळतात. तानपुऱ्याच्या तारेतून ग ऐकू येतो त्यामागचं कारण हेच. ज्याचा कान तानपुऱ्याने तयार झालाय त्याला इथे फायदा आहे : पुढचा स्वर कुठे असणार ते आधी मनात ऐकू येतं, आणि मनात न ऐकता तो लागतच नाही.

मध्य सा आणि मध्य प ऑक्टेव्ह की न दाबता, हवे तेव्हा, दहा सेकंद स्थिर राहिले की मगच पुढे जा. त्यानंतर तोच तार सा नेहमीच्या बोटांनी वाजवा, लगेच उपस्वर म्हणून वाजवा, आणि दोन्हींचा रंग जुळवा. तार ग पक्का झाला की फ्रंट एफ नावाच्या कीने वरचा ई आणि एफ घ्या आणि तिथून जी गाठा. वरच्या जीसाठी अनेक बोटव्यवस्था छापलेल्या सापडतात आणि प्रत्येक वाद्यावर त्या सारख्या चालत नाहीत. तीन-चार आजमावा, ट्यूनर समोर ठेवा, सुरात येईल ती ठेवा.

बहुतेक जण करतात ती चूक म्हणजे वर जाताना रीड चावणं. चावलं की रीड बंद होते आणि काहीच वाजत नाही, किंवा कर्कश शीळ निघते. दुसरी अडचण वाद्याची असते. एखादा पॅड गळका असेल तर महिनोन् महिने रियाझ करूनही वरचे स्वर लागणार नाहीत. तपासणं सोपं : सिगारेटच्या कागदाची पातळ पट्टी पॅडखाली ठेवा, की हलकेच मिटा, पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखा अटकाव जाणवला पाहिजे. एका बाजूने सुटून आली तर वाद्य कारागिराकडे न्या, स्वतःला दोष देऊ नका.

माउथपीस आणि रीड कोणती घेऊ?

पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठीच्या अल्टो माउथपीसच्या टोकाची फट साधारण १.६ ते १.८ मिलिमीटर असते, जॅझसाठीच्या माउथपीसची १.९ ते २.१ च्या आसपास. बॉस्टिकसारख्या भरीव आवाजासाठी दुसऱ्या गटातला घ्या, पण एकदम सगळ्यात रुंद फटीवर उडी नको. फट रुंद आणि रीडही कडक, असं दोन्ही केलं तर अर्ध्या तासात ओठ थकतो. अडीच क्रमांकाच्या रीडने सुरुवात करून वरचे स्वर बसू लागले की तीनवर जा. दोनच्या खालची रीड वरच्या स्वरांना टिकत नाही, हवेच्या जोराने मिटून जाते.

‘बॉस्टिक मॉडेल’ म्हणून महागडा माउथपीस शोधत बसू नये. त्याचा आवाज गळ्यात होता.

हार्मोनियमच्या पट्टीशी अल्टोचा मेळ कसा घालायचा?

मराठी वाद्यवृंदात किंवा भजनी मंडळात अल्टो घेऊन बसणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. अल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे, म्हणजे त्यावर सी वाजवला की कानावर काळी दोन पडते. गायकाच्या पट्टीपासून तीन अर्धस्वर खालचं नाव घेतलं की तुमची पट्टी मिळते. गायक पांढरी एकमध्ये असेल तर तुमचा सा ए, काळी एक असेल तर बी फ्लॅट, पांढरी चार असेल तर डी, काळी पाच असेल तर जी. काळी दोनवाला गायक मिळाला तर चैन, सरळ सीमध्ये वाजवा.

बॉस्टिकची गाणी स्वरलिपीवरून वाजवतानाही हेच भान हवं. पियानोसाठी छापलेली प्रत जशीच्या तशी अल्टोवर वाजवली तर सोबतची मंडळी वेगळ्याच गावाला जातील.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात वाद्याची काळजी?

जी शार्पचा आणि तळाच्या सी शार्पचा पॅड चिकटणं ही ठरलेली तक्रार. वाजवायला घेण्याआधी दोन्ही की हाताने एकदा उघडून बघा. चिकटलेल्या पॅडखाली टीपकागद ठेवून की हलकी मिटा, कागद ओढू नका, उघडून काढा. टाल्कम पावडर लावू नका, ती ओल धरून लगदा होते. वाजवून झालं की आतून फडकं फिरवायचं, वाद्य पेटीत बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवायचं. रीड सपाट काचेवर वाळवा, नाहीतर टोक लाटेसारखं वाकतं आणि दुसऱ्या दिवशी पहिला स्वरच फसफसतो.

त्याची जुनी ७८ ची तबकडी हाती आली तर कशी वाजवू?

एलपीच्या सुईने अजिबात नाही. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ०.०७६ मिलिमीटर, म्हणजे तीन मिलची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर तेवढी उचलते आणि स्वतः झिजते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल तर वजन चार ते पाच ग्रॅम ठेवा.

साफ करताना अल्कोहोल वापरू नका. शेलॅक त्यात विरघळतं आणि तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं, आणि लगेच पुसून उभी वाळवा.

आणखी एक खोच आहे. ध्वनिमुद्रणाचा आजचा आरआयएए प्रमाणवक्र (खर्जाचे आणि तीव्र स्वर कोणत्या प्रमाणात मुद्रित करायचे, त्याचा अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाने ठरवलेला नियम) १९५४ च्या सुमाराला रुळला. त्याआधीची तबकडी आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावली की तीव्र किंवा खर्जाचे स्वर मूळ प्रमाणात येत नाहीत. टोनची बटणं कानाने फिरवून घ्या. ‘फ्लेमिंगो’तला व्हायब्राफोन धातूसारखा वाजतोय पण टोचत नाही, हे जमलं की थांबा.

मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्यांचं मधलं भोक मोठं, ३८ मिलिमीटरचं असतं. अडॅप्टर लागेल, आणि तो नीट मध्यावर बसला नाही तर स्वर हेलकावे खातात.

एकाच गाण्याच्या अनेक प्रती सापडतात. मूळ कोणती?

साधी कसोटी. ‘फ्लेमिंगो’चं १९५१ चं मुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं आहे. तुमच्या प्रतीत सॅक्सोफोन एका बाजूने आणि व्हायब्राफोन दुसऱ्या बाजूने स्पष्ट वेगळे येत असतील, तर ते नंतर पुन्हा वाजवून केलेलं मुद्रण आहे. दोन्ही बाजूंना तोच आवाज पण एकीकडे खर्ज आणि दुसरीकडे तीव्र भाग, वर घुमारा, असं असेल तर मोनोवर नंतर चढवलेला खोटा स्टिरिओ. तो टाळा, बॉस्टिकने तोडून सोडलेले स्वर त्या घुमाऱ्यात लांबतात आणि ठेका मवाळ होतो. ऑनलाइन ऐकताना गाण्याच्या नावापुढचं साल पाहून फसू नका, ते अनेकदा संग्रह निघाला त्याचं असतं.

शेवटची वर्षं कशी गेली?

१९५० च्या दशकाच्या मध्यावर हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून त्याला दौरे कमी करावे लागले. मुक्काम लॉस एंजलिसला हलला. वर उल्लेख केलेले १९६० च्या दशकातले एलपी याच काळातले. ऑक्टोबर १९६५ मध्ये रॉचेस्टरच्या एका हॉटेलात कार्यक्रम सुरू असताना पुन्हा झटका आला आणि दोन दिवसांनी तो गेला. वय ५२. दफन कॅलिफोर्नियातल्या इंगलवूड पार्क दफनभूमीत. ओक्लाहोमा जॅझ हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश १९९३ मध्ये झाला.

त्याच्यावर कार्यक्रम करायचा आहे. किती वेळाचा, काय काय ठेवू?

ऐकण्याचा कार्यक्रम असेल तर सव्वा तास पुरे, त्यात बारा-तेरा गाणी बसतात. एलिंग्टनचं ‘फ्लेमिंगो’ आधी लावा आणि मध्ये एक शब्द न बोलता बॉस्टिकचं. मग १९५२ मधलं एखादं गाणं, कोल्ट्रेन त्यात आहे हे नंतर सांगा. आधी सांगितलंत तर लोक बॉस्टिकला सोडून टेनर शोधत बसतील. ‘अप देअर इन ऑर्बिट’चे दोन्ही भाग सलग. शेवटी ‘जॅझ अ‍ॅज आय फील इट’मधली दोन लांब गाणी पूर्ण लावा, मध्येच आवाज उतरवू नका.

प्रत्यक्ष वादन असेल तर व्हायब्राफोन मिळवायचा प्रयत्न करा. नाहीच मिळाला तर कीबोर्डवर तो आवाज चालेल, मात्र ट्रेमोलो मंद ठेवा. ड्रमवाल्याला आधीच बजावून ठेवा की दुसरा आणि चौथा ठोका न चुकता हवा आणि सोलो त्याच्या वाट्याला नाही.